वीस चौकोनांचा कान्हा

रविवारी सकाळी डोंबिवली पश्चिमेच्या त्या लग्नाच्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला वाव नव्हता. लग्न मात्र कुणाचंच नव्हतं. स्टेजवर नवरानवरीच्या जागी एक कॉम्प्युटर बसवला होता. त्याला झेंडूचा हार घातला होता, कीबोर्डवर हळदकुंकू वाहिलं होतं आणि शेजारच्या रंगीत प्रिंटरला अष्टगंधाची तीन बोटं ओढली होती. पलीकडे भगव्या रेशमात प्रतिमानंद महाराज डोळे मिटून बसले होते. प्रिंटर कुर्र कुर्र करत एकेक रेघ छापत होता आणि तीनशे माणसं श्वास रोखून त्या कागदाकडे बघत होती.

महाराजांचा चमत्कार असा होता. हरवलेल्या माणसाचा फोटो आणायचा. पाटावर ठेवून वरून एका परदेशी कॅमेऱ्याने तो टिपायचा. या कॅमेऱ्यात रोल नव्हता, फोटो थेट फ्लॉपीवर उतरायचा, म्हणून लोक त्यालाही हात जोडत. मग महाराज मंत्र म्हणत आणि कॉम्प्युटर त्या माणसाचा चेहरा मोठा मोठा करत चार कागदांवर छापून देई. माणूस जिवंत असेल तर चेहरा स्वच्छ यायचा. मेला असेल तर फुटायचा.

"देह म्हणजे पिंड, फोटो म्हणजे प्रतिपिंड," महाराज सांगत होते. "प्राण असेल तोवर प्रतिपिंड एकसंध. प्राण गेला की पंचमहाभूतं मोकळी होतात. सायन्सवाले याला डिजिटल म्हणतात, आमचे ऋषी याला विघटन म्हणत. कॉम्प्युटर हा कलियुगातला चित्रगुप्त आहे. त्याला लाच चालत नाही."

गुणाजी नावाच्या एका कामगाराचा भाऊ दोन वर्षांपूर्वी घरातून निघून गेला होता. त्याचे चार कागद फळ्यावर जोडले, तर हनुवटीवरचा तीळसुद्धा दिसत होता. हॉलने जयजयकार केला आणि गुणाजी लहान पोरासारखा रडला.

त्यानंतर नाव पुकारलं गेलं ते कान्हाचं.

शुभदा टेंबे दाराशी उभी होती. तिच्या काखेत कागदाची एक गुंडाळी होती आणि तिच्यात हाच कान्हा होता. वडिलांच्या जुन्या फोटो स्टुडिओचं शुभदाने आता स्कॅनिंग आणि छपाईचं दुकान केलं होतं. कोपरच्या पलीकडे खाडीकाठी राहणाऱ्या कोळ्यांची नंदा, या कान्हाची बायको, पंधरा दिवसांपूर्वी तिच्याकडे आली होती. कान्हा गुजरातकडच्या एका ट्रॉलरवर खलाशी म्हणून गेला होता. दिवाळीत तो एका बंदरात उतरला तो बोटीवर परतलाच नाही, एवढंच मालकाने कळवलं. चार महिने झाले, पोलिसांत तक्रार झाली, पुढे काही नाही. बंदराबंदरांत लावायला नंदाला 'हरवले आहेत'चं पोस्टर हवं होतं. उधाणाचं पाणी घरात शिरलं तेव्हा तिच्या लग्नाचा अल्बम चिकटून त्याची वीट झाली होती. डब्यात राहिलेला एक पासपोर्ट फोटो तेवढा तिने आणून दिला.

शुभदाने 'सोमवारी देते' म्हटलं आणि लग्नपत्रिकांच्या गर्दीत दोन सोमवार घालवले. आज पोस्टर घेऊन ती स्वतः कोळीवाड्यात गेली, तर घराला कुलूप. सगळे महाराजांकडे गेलेत असं शेजारणीने सांगितलं. आपण चालढकल केली म्हणून ही बाई इथे आली, हे शुभदाला हॉलच्या दारातच कळलं आणि तेव्हापासून तिचा पाय एका जागी ठरत नव्हता.

प्रिंटर थांबला. महाराजांचा सेवेकरी काळुराम याने चार कागद फळ्यावर डकवले. त्यावर माणूस नव्हताच. तपकिरी, काळे, पिवळट असे अंगठ्याएवढे चौकोन, जणू कुणी फरशी बसवली होती. लांबून डोळे बारीक केले तर कुणाचं तरी तोंड असावं असं वाटे, जवळ गेलं की तेही जाई.

कान्हाची आई सगुणाबाई मटकन खाली बसली. महाराजांनी हात वर केला आणि आवाज खाली आणला. जलतत्त्वात विघटन झालं आहे, म्हणाले. देह मिळायचा नाही, तेव्हा पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, पालाशविधी. गुरुवारी सकाळी महाराज स्वतः खाडीवर येतील. सुनेच्या बांगड्या त्याच वेळी.

नंदाने दोन्ही हात पदराखाली घेतले, एवढंच.

शुभदा मात्र फळ्याशी जाऊन पोचली होती. तिने बोट टेकवून एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत चौकोन मोजले. वीस भरले. शेजारी पाटावर मूळ फोटो होता, कान्हाच्या चुलतभावाच्या हळदीचा, अख्खा गोतावळा चार रांगांत उभा असलेला. चाळीसबेचाळीस माणसं. त्यात कान्हा तिसऱ्या रांगेत, तुरीच्या दाण्याएवढा.

तिने सगुणाबाईंना बाजूला नेलं आणि गुंडाळी उघडली. पोस्टरवर कान्हा स्वच्छ हसत होता. हा फोटो फुटलेला नाही, यंत्राचा खेळ आहे, असं ती समजावू लागली. सगुणाबाईंनी पोस्टरकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"ताई, पंधरा दिस झाले तुला," त्या म्हणाल्या. "माझी सून रोज तुझ्या दुकानाशी येऊन माघारी गेली. म्हाराजांनी पाच मिनटांत सांगितलं. आता मेल्या मानसाचं पोस्टर लावून मी काय करू?"

शुभदा गुंडाळी घेऊन परत निघाली.

पुढचे दोन दिवस तिने दुकानात काय काम केलं ते तिलाच ठाऊक. एका पत्रिकेवर नवऱ्याच्या जागी सासऱ्याचं नाव छापलं. जेवताना घास हातातच राही. फोटो का फुटला ते तिला कळत होतं, धंदाच तिचा. कॉम्प्युटरमधला फोटो म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. कॅमेऱ्याने ठिपके घेतानाच कमी घेतले तर पुढे कितीही मोठा करा, ठिपका मोठा होतो, माणूस नाही. वडील सांगायचे, पोरी, मोठं करता येतं, नवं करता येत नाही. पण मग गुणाजीचा भाऊ स्वच्छ आला कसा? कॅमेरा तोच, कॉम्प्युटर तोच, मंत्रही तोच. काळुराम मध्येच एखादं बटण फिरवतो का? ती स्टेजजवळून पाहून आली होती. काहीही फिरवत नव्हता.

मंगळवारी काळुरामने ओळखू नये म्हणून डोक्यावरून ओढणी घेऊन ती महाराजांच्या नावनोंदणीच्या रांगेत जाऊन उभी राहिली. पर्समध्ये वडिलांचा फोटो होता. टेंबे फोटोग्राफर जाऊन आठ वर्षं झाली होती.

तिच्या पुढे तुळसा नावाची एक बाई होती. नवरा नऊ वर्षांपूर्वी गेला तो गेलाच, पत्र नाही की निरोप नाही. काळुराम मोठ्या मायेने विचारत होता. कुणी पाहिलं का, कुणाला फोन आला का, घरच्यांना काय वाटतं. तुळसा रडतच म्हणाली की सासरचे आता आशा सोडून बसलेत. तिने ब्लाउजमधून पासपोर्ट फोटो काढला. काळुरामने तो हळूच परत केला. एकट्याचा चालत नाही, म्हणाला, कुळाची साक्ष लागते, लग्नकार्यातला सगळ्यांचा फोटो आणा.

मग शुभदाचा नंबर आला. वडील चार महिन्यांपूर्वी रागाने घर सोडून गेले आणि गेल्या महिन्यात नाशिकला कुणालातरी दिसले, असं तिने ठोकून दिलं. खोटं बोलताना कान तापले, पण बोलली. काळुरामचा चेहरा उजळला. आई किती आशेवर आहे तेही त्याने विचारून घेतलं.

"यांचा एकट्याचाच आणा," तो म्हणाला. "पासपोर्ट साइज. गर्दीत प्राणाचा माग लागत नाही."

शुभदा रस्त्यावर आली आणि तिथेच हसत सुटली. येणारे जाणारे बघायला लागले. बटण मशीनमध्ये नव्हतंच. बटण होतं ते नोंदणीच्या टेबलावर. ज्याला जिवंत ठेवायचा त्याचा एकट्याचा फोटो मागवायचा आणि ज्याला मारायचा त्याला बेचाळीस माणसांत उभा करायचा. कॅमेरा बिचारा इमानदार होता. हसू ओसरल्यावर तिला रागाने घाम फुटला, कारण नंदाचाही पासपोर्ट फोटो शुभदाच्या टेबलावर दोन सोमवार पडून होता, आणि पोस्टर वेळेत झालं असतं तर नंदा या नोंदणीच्या टेबलापर्यंत आलीच नसती.

गुरुवारी सकाळी नऊला कोळीवाड्यातल्या देवळासमोर मांडव पडला. खाडीच्या काठावर पळसाच्या पानांचा पुतळा बांधून तयार होता, डोक्याच्या जागी नारळ. नंदाला नवी हिरवी साडी नेसवून बसवलं होतं. शेवटची म्हणून बायकांनी तिच्या हातात चुडा भरला होता. महाराजांनी आपलं सगळं सामान आणलं होतं, कारण विधीच्या आधी गावातल्या इतरांनाही विचारायचं होतं. पहिला नंबर शुभदाने लावला.

टेंबे फोटोग्राफरांचा फोटो पाटावर गेला, मंत्र झाले, प्रिंटर कुरकुरला. चार कागद जोडले तर चष्म्याच्या काडीपर्यंत सगळं जसंच्या तसं. महाराज प्रसन्न झाले.

"प्राण टवटवीत आहे. ईशान्येकडून चाळीस दिवसांत निरोप येईल."

"आला तर मला हवाच आहे, महाराज," शुभदा म्हणाली. "हे माझे वडील. एक्याण्णव साली गेले. शिवमंदिर रोडच्या स्मशानात मीच उभी होते."

महाराज गडबडले, पण मुरलेला गडी होता. आत्मा अमर आहे, म्हणाले, पुण्यवान माणसाची प्रतिमा मृत्यूनंतरही फुटत नाही.

"मग माझ्या नवऱ्याची का फुटली?" नंदा म्हणाली. गेल्या चार दिवसांत ती पहिल्यांदाच बोलली होती. "त्यानं काय पाप केलंन?"

गावाचे वडीलधारे दाजी पुढे बसले होते. पंचाहत्तरीचा म्हातारा, कमरेला रुमाल, डोक्याला लाल टोपी. त्यांनी शुभदाला विचारलं, पोरी, तुला काय म्हणायचंय ते सरळ सांग. शुभदा म्हणाली, सांगत नाही, दाखवते. याच कॅमेऱ्याने इथल्या सगळ्यांचा एक फोटो काढा, मधोमध महाराज बसू देत. मग महाराजांचा चेहरा मोठा करा. मंत्रही त्यांनीच म्हणावा.

महाराजांना मुहूर्त टळत असल्याचं एकाएकी आठवलं. काळुराम वायरी गुंडाळू लागला. पण दाजींनी नुसती काठी आडवी धरली आणि काळुरामला देवळाच्या ओट्यावर चढून फोटो काढावा लागला. शंभरसव्वाशे माणसं, मागे होड्या, मध्ये भगवा ठिपका. प्रिंटर सुरू झाला. मंत्र म्हणायचा कुणाला धीर झाला नाही.

पहिला कागद आला तो भगव्या चौकोनांचा. दुसऱ्यावर दाढी आली, ती तीन काळ्या चौकोनांची. डोळे म्हणून दोन करडे तुकडे होते आणि नाक कुठे गेलं होतं ते चित्रगुप्तालाच माहीत. चारही कागद जोडून शुभदाने ते महाराजांच्या शेजारी धरले.

"पंचमहाभूतं मोकळी झाली की," मागून कुणीतरी बाई म्हणाली. "पुतला तयारच हाय, म्हाराजांना निजवायचं का?"

मांडव असा हसला की पाण्याकडेचे बगळे उडाले. सगुणाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या उठून शुभदाने धरलेल्या कागदांपाशी आल्या आणि चौकोनांवरून हात फिरवू लागल्या. उभा जन्म त्यांनी जाळी विणली होती. जाळ्याच्या भोकाला त्यांच्याकडे आस म्हणतात, आणि कुठल्या आसात काय अडकतं हे त्यांना बोटांनी कळे.

"ह्ये आस हायेत," त्या म्हणाल्या.

शुभदाला वाटलं, हे आपल्याला चार दिवसांत सुचलं नसतं. ती भराभर बोलू लागली. मावशी, कॅमेऱ्याचं जाळं एवढंच असतं. आडवे सहाशेचाळीस आस, उभे चारशेऐंशी, एकही जास्त नाही. एकट्या माणसाचा फोटो ठेवला की सगळं जाळं त्याच्यावर पडतं. बेचाळीस माणसं ठेवली की तेच जाळं सगळ्यांत वाटलं जातं आणि एकाच्या तोंडावर वीस आस येतात.

"म्हंजे जालं त्येच, आस त्येच. मोठी मासली अडकली आन् जवला निसटला," सगुणाबाई म्हणाल्या. त्यांनी काळुरामकडे वळून पाहिलं. "आन् कुनाला जवला करायचा ते तू ठरवतंस."

शुभदाने पर्समधून कान्हाचा पासपोर्ट फोटो काढला आणि पाटावर ठेवला. आता मंत्राची गरज कुणालाच वाटली नाही. नंदा प्रिंटरसमोर मांडी घालून बसली. एकेक रेघ उतरत गेली. केस आले, भुवया आल्या, एका बाजूला किंचित जास्त वर जाणारं हसू आलं. चार कागद जोडले आणि कान्हा पुरता समोर आला.

मांडवात एकच गलका उठला. जिता हाय, कान्हा जिता हाय. बायकांनी नंदाला मिठ्या मारल्या. सगुणाबाई शुभदाच्या पायांवर कोसळल्या आणि हुंदके देत एकच म्हणत राहिल्या, बाय, तू देवी झालीस.

शुभदा हलली नाही. चार दिवस तिचं चित्त ठिकाणावर नव्हतं ते या क्षणी एकदम ठिकाणावर आलं, आणि तिला फार भीती वाटली. एक शब्द बोलायची गरज नव्हती. नुसतं गप्प राहिलं असतं तरी म्हातारी आज पोटभर जेवली असती, नंदा झोपली असती, आणि दोन सोमवारांचं ओझंही फिटलं असतं. महाराजांची जागा आता रिकामीच होती. बसायचा अवकाश.

तिने सगुणाबाईंना उठवलं.

"मावशी, हेही खरं नाही," ती म्हणाली. "माझे वडील नाहीत आणि त्यांचा फोटो स्वच्छ आला. महाराज धडधाकट समोर आहेत आणि त्यांचा फुटला. फोटोला काही कळत नाही. कान्हा मेला असं तो सांगत नाही, आणि आहे असंही नाही सांगत."

सगुणाबाईंच्या डोळ्यांत उजेड आला होता तो गेला, आणि तो आपण घालवला हे शुभदाला दिसलं. तिला रडू आलं. तिने ते लपवलं नाही.

"मंग कोन सांगनार?" सगुणाबाईंनी विचारलं.

"ज्याने त्याला पाहिलं असेल तो. आपण विचारत फिरायला हवं."

महाराज आणि काळुराम हार घातलेला कॉम्प्युटर रिक्षात कोंबत होते, त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. पुढच्या गावात ते दुसरं यंत्र घेऊन बसतील, कुठेही जा, पळसाला पानं तीनच. सगुणाबाई काठावर गेल्या. पुतळ्याचा नारळ सोडवून त्यांनी दाजींच्या हातात दिला, पानांचा भारा पायाने खाडीत लोटला आणि परत येऊन नंदाचे दोन्ही हात पदराबाहेर काढले.

"पोस्टर दाखव," त्या शुभदाला म्हणाल्या.

शुभदाने गुंडाळी उघडली. नंदाने निरखून पाहिलं आणि चेहरा अजून मोठा होईल का, असं विचारलं. लांबून दिसायला पाहिजे. शुभदाने सांगितलं, त्या बोटभर फोटोत जेवढा कान्हा होता तेवढा सगळा मी उचललाय. आणखी ताणला तर तुटायला लागेल. दिसेल मोठा, पण ओळखू येणार नाही. नंदाने मान डोलावली. जवळ जाऊन बघतील लोक, म्हणाली.

त्या आठवड्यात शुभदाने दोनशे पोस्टरं छापली, लग्नपत्रिका बाजूला ठेवून. नंदा आणि दाजी ती घेऊन सातपाटीपासून वेरावळपर्यंतच्या बंदरांना निघाले. पहिलं पोस्टर मात्र सगुणाबाईंनी स्वतःच्या हाताने देवळाच्या त्याच ओट्याला लावलं, जिथून काळुरामने फोटो काढला होता. खळ लावताना त्यांना एका बाईने विचारलं, काय गं, काय निघालं शेवटी, हाय की नाय?

"ठावं नाय," सगुणाबाई म्हणाल्या, आणि पोस्टरचा कोपरा नीट दाबून बसवला.

वाचकहो, हे दोन शब्द त्या म्हातारीला किती जड गेले असतील ते बघा. रेशमातल्या माणसाला ते एकदाही म्हणता आले नाहीत. तुमच्या दारी उद्या कुणी दुसरा येईल, त्याच्या हातात याहून नवं यंत्र असेल आणि तोंडी याहून गोड मंत्र. त्याला एवढंच विचारा की तुला हे कसं कळलं. आणि तो सांगेपर्यंत कुणाच्याही बांगड्यांना हात लावू देऊ नका.